तलवार बाहेर ठेवा, भांडण आत येऊ द्या

पत्र : आमची फोंड्याची हौशी नाट्यसंस्था आहे. स्पर्धेसाठी ४५ मिनिटांची एकांकिका लिहिली आहे. सोळाव्या शतकातला जपान. हिरोशी नावाचा सामुराई दिवसा लढतो आणि रात्री एकटाच बसून चहा करतो. युद्धाचा त्याला वीट आला आहे. गोव्याहून आलेला एक पाद्री त्याला शांततेचा रस्ता दाखवतो. शेवटी चहाच्या खोलीत तो तलवार मोडतो, किटलीला मिठी मारतो आणि मागे चेरीची फुलं पडतात. वाचन झाल्यावर आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, ‘हे जपान नव्हे.’ नेमकं काय चुकतंय? असा माणूस खरा असू शकतो का? चहाचा प्रवेश सात मिनिटांत कसा बसवायचा? सामानाचं काय? पैसे बेताचेच आहेत. – लेखक-दिग्दर्शक, फोंडा

उत्तर :

तुमच्या ज्येष्ठांना खटकलं ते योग्यच. संहितेत तुम्ही चहा एका बाजूला आणि लढाई दुसऱ्या बाजूला ठेवली आहे. त्या काळात ती दोन्ही एकाच बाजूला होती. जपान एका छत्राखाली आणायला निघालेल्या ओदा नोबुनागा या सरदाराने १५६८ साली क्योतोत पाय रोवले आणि पाठोपाठ क्योतो व साकाईच्या धनिकांकडची नामांकित चहापात्रं गोळा करायला घेतली. पैसे मोजत असे, पण ‘देत नाही’ म्हणायची सोय कोणाला नव्हती. पराक्रमाचं बक्षीस म्हणून सरदाराला जमिनीऐवजी चहाची डबी मिळू लागली. स्वतःच्या घरी चहाची बैठक भरवायची तर नोबुनागाची परवानगी लागे. त्याचा सेनापती आणि पुढे जपानचा सत्ताधीश झालेल्या हिदेयोशीला ती मिळाली तेव्हा एखादा किल्ला मिळाल्याचा आनंद त्याला झाला होता.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तकिगावा काझुमासूचं. १५८२ साली ताकेदा घराण्याचा बीमोड करण्यात त्याचा मोठा वाटा होता. नोबुनागाने त्याला कोझुके प्रांत दिला, वर शिनानोचे दोन तालुके. तकिगावाने मित्राला पत्र लिहून रडगाणं गायलं : मला ‘कोनासू’ नावाची चहाची डबी हवी होती, ती मागायची संधीच मिळाली नाही, आणि आता या लांबच्या नरकात येऊन पडलोय, माझ्या चहाचं नशीबच संपलं. प्रांत मिळाला म्हणून रडणारा सेनापती! विनोदी एकांकिका लिहायची असती तर आम्ही तुम्हाला याच्यापुढे जाऊच दिलं नसतं.

तुमच्या शेवटाच्या जवळ जाणारी एक गोष्टही आहे. मात्सुनागा हिसाहिदेकडे ‘हिरागुमो’ नावाचं पसरट लोखंडी चहाभांडं होतं. नोबुनागाला ते हवं होतं. १५७७ साली शिगी डोंगरावरच्या किल्ल्यात वेढला गेल्यावरही मात्सुनागाने ते दिलं नाही. ते फोडून तो मेला असं सांगतात. बंदुकीची दारू भरून भांड्यासकट स्वतःला उडवलं ही त्यातली नंतरची भर. पण लक्षात घ्या, त्याने भांड्यासाठी युद्ध सोडलं नव्हतं. त्याने बंड केलं होतं, आणि भांडं न देणं हा त्या बंडाचाच भाग होता. जाता जाता : याला किटली म्हणू नका. हा ‘कामा’; त्याला तोटी नसते, पाणी पळीने काढतात. प्रयोगात गरम कामाला मिठी मारली तर नटाला मलम लागेल.

मग ओढाताण होती कुठे? आमच्या मते ती खोलीच्या आत होती. सामुराईचं पोट, कुटुंब, नाव सगळं धन्याच्या मर्जीवर चाले. चहाच्या खोलीत मात्र त्याला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावं लागे : हा वाडगा चांगला की नाही? सेन नो रिक्यू या चहाच्या गुरूने शिकवलं ते हेच. धन्याने सोन्याची खोली बांधली असेल (हिदेयोशीने ती १५८६ साली राजवाड्यात नेऊन सम्राटाला दाखवली), आणि तुम्हाला मात्र हाताने घडवलेला काळा राकू वाडगाच श्रेष्ठ वाटत असेल, तर ते किती मोठ्याने म्हणायचं? हे न म्हणता येणं हा तुमच्या नायकाचा खरा पेच. रक्ताचा वीट येणं हा आपल्या काळाचा विचार आहे, तो त्याच्या तोंडी उसना वाटतो.

रिक्यूला १५९१ साली हिदेयोशीने पोट चिरून मरायचा हुकूम दिला. उघड आरोप दोन : दाइतोकुजी मंदिराच्या दरवाजाच्या माडीवर त्याचा लाकडी पुतळा बसवला गेला, आणि चहाची भांडी तो अवाच्या सवा किमतीला विकतो. खऱ्या कारणावर आजही वाद आहेत. तुमच्या एकांकिकेत ते सोडवायला जाऊ नका. मरण्याआधी त्याला क्योतोहून साकाईला हाकललं, तेव्हा योदोच्या धक्क्यावर निरोप द्यायला शिष्यांपैकी दोनच सरदार आले : होसोकावा तादाओकी आणि फुरुता ओरिबे. बाकीचे घरी बसले. त्यांना दोष देता येत नाही, घरात बायकामुलं होती.

हिरोशी काढून टाका आणि ओरिबेला घ्या. खरं तर त्याच्या शिष्याला घ्या. तुमच्या ४५ मिनिटांत जो मावतो तो उएदा सोको.

सोको १५६३ सालचा. हिदेयोशीचा सरदार, रिक्यूकडे आणि नंतर ओरिबेकडे चहा शिकलेला. १६०० साली तोकुगावा घराण्याने जिंकलेल्या सेकिगाहाराच्या लढाईत तो हरणाऱ्या बाजूला होता. जहागीर गेली, त्याने डोकं भादरलं आणि सोको हे नाव घेतलं. तुमच्या प्रेक्षकाला वाटेल, सुटला. पण मुंडण म्हणजे निवृत्ती असं तिथे नव्हतं. पुढे आसानो घराण्याने त्याला चाकरीत घेतलं आणि तोकुगावांनी हिदेयोशीच्या वारसाविरुद्ध काढलेल्या १६१५ च्या ओसाकाच्या उन्हाळी मोहिमेत हा बावन्न वर्षांचा मुंडित माणूस भाला घेऊन काशीईच्या लढाईत उभा होता. शत्रूची वाट बघत बांबूच्या बनात दबा धरून बसला असताना त्याने बांबू तोडला आणि चहा काढायचे दोन चमचे तासले. त्यांचं नाव ‘तेकीगाकुरे’, शत्रूच्या नजरेआड. मग शत्रू आला आणि तो लढला. बान दानएमोन हा ओसाकाचा गाजलेला वीर त्या दिवशी तिथे पडला.

आता तारखा बघा. काशीईची लढाई २६ मे १६१५. ओसाकाचा किल्ला जूनच्या पहिल्या आठवड्यात पडला. आणि ६ जुलैला ओरिबेने हुकमाप्रमाणे पोट चिरलं. आरोप : ओसाकावाल्यांशी संधान. म्हणजे शिष्य ज्या शत्रूच्या नजरेआड बसून चमचा तासत होता, त्याच शत्रूला गुरू सामील होता असं सहा आठवड्यांत सरकारने जाहीर केलं. यावर तुम्हाला काही रचावं लागत नाही.

वस्तूही तुम्हाला इतिहासानेच दिली आहे. रिक्यूने मरणाआधी बांबूचा एक चमचा तासून ओरिबेला दिला होता, ‘नामिदा’ म्हणजे अश्रू. ओरिबेने त्यासाठी बांबूची नळी केली, तिला एक चौकोनी खिडकी कोरली आणि त्या खिडकीतून दिसणाऱ्या चमच्याला तो गुरूच्या स्मृतिफलकासारखा मान देई. तो चमचा आज नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात आहे. ज्या तोकुगावांनी ओरिबेला मारलं त्यांच्याच घराण्याच्या संग्रहात.

आमचा सल्ला असा. तीन प्रवेश. पहिल्यात ओरिबे सोकोला चहा देतो आणि सोको नळीच्या खिडकीतून ‘नामिदा’ बघतो. दुसरा बांबूच्या बनात, सोको आणि एक तरुण भालाईत. हा भालाईत तुम्ही हवा तसा रचा. तिसऱ्यात ओरिबेच्या मरणाची बातमी आल्यावर सोको चहा करतो, पाहुणा म्हणून तोच भालाईत, हातात ‘तेकीगाकुरे’. पहिली आणि तिसरी भेट कल्पित आहे हे प्रयोगपत्रिकेत एका ओळीत लिहा. जपानचा जाणकार परीक्षक आला तर तो कल्पनेला नाही, कल्पना इतिहास म्हणून खपवण्याला नावं ठेवेल.

तलवार मोडणं काढा. तलवार टाकणारा माणूस एकटा मोकळा होत नाही. अराकी मुराशिगेने नोबुनागाविरुद्ध बंड केलं आणि १५७९ साली वेढ्यातल्या आरिओका किल्ल्यातून तो मूठभर माणसांसह निसटला. मागे राहिलेली त्याच्या घरची आणि पदरची सहाशेहून अधिक माणसं त्याच वर्षाच्या शेवटी मारली गेली. तो स्वतः वाचला, साकाईत चहाचा माणूस म्हणून जगला, आणि काही काळ त्याने स्वतःला ‘दोफुन’ म्हणवून घेतलं. रस्त्यावरची घाण, असा अर्थ. तुमच्या नायकाने तलवार मोडली की प्रेक्षकाला हा हिशेब द्यावा लागेल, आणि ४५ मिनिटांत तो बसणार नाही.

पाद्र्याबद्दल. गोव्याचा धागा खोटा नाही, उलट तुम्ही समजता त्यापेक्षा पक्का आहे. वालिन्यानो हा जेझुइटांचा पूर्वेकडचा मुख्य निरीक्षक. जपानमधल्या आपल्या प्रत्येक मठात चहाची खोली असावी आणि चहा जाणणारा माणूस असावा, असा नियमच त्याने घालून दिला होता. मार्च १५९१ मध्ये तो गोव्याच्या व्हाइसरॉयचा वकील म्हणून हिदेयोशीला भेटला. व्हाइसरॉय दुआर्ते दे मेनेझिसचं १५८८ तारखेचं ते नक्षीदार पत्र क्योतोच्या म्योहोइन मंदिरात आजही आहे आणि जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. त्या भेटीनंतर सात आठवड्यांत रिक्यू मेला. पण हे पाद्री चहा शिकत होते ते सरदारांच्या घरात मानाने बसता यावं म्हणून. सामुराईला शांतता शिकवायला ते चहाच्या खोलीत गेले नव्हते. शिवाय १६१५ घेतलंत तर उघडपणे वावरणारा पाद्री ठेवताच येत नाही. १६१४ साली त्यांना देशाबाहेर काढलं, आणि त्यांच्याबरोबर ताकायामा उकोनलाही. हा रिक्यूचा ख्रिस्ती शिष्य. त्याने १५८७ साली धर्म सोडण्याऐवजी आकाशीची जहागीर सोडली होती. १६१५ च्या फेब्रुवारीत तो मनिलात वारला. गोव्याच्या प्रेक्षकासाठी काही हवंच असेल तर उकोनच्या मरणाची बातमी दुसऱ्या प्रवेशात एका वाक्यात येऊ द्या. पाद्र्याचं काम करणाऱ्या नटाला भालाईत करा.

नावांचं एक : ‘हिरोशी’ आजच्या ऑफिसातला वाटतो. त्या काळी सामुराईला तोंडावर खऱ्या नावाने हाक मारत नसत. हुद्दा किंवा व्यवहारातलं नाव चाले. ओरिबे हा हुद्दाच आहे, माणसाचं नाव शिगेनारी, आणि तरुणपणी लोक त्याला सासुके म्हणत. भालाइताला माताएमोन किंवा जिनएमोन म्हणा.

आता खोली. क्योतोची एक तातामी चटई साधारण १९१ बाय ९५ सेंटिमीटर. रिक्यूशी जोडलेली यामाझाकीची ‘ताइआन’ खोली दोन चटयांची आहे, म्हणजे जेमतेम १९१ सेंटिमीटरचा चौरस. रंगमंचावर पांढऱ्या पट्टीने तेवढाच चौकोन आखा आणि बाहेर जाऊ नका. दिग्दर्शकाला हात पसरायचा मोह होतो, तो आवरा. दोन पुरुषांचे गुडघे एकमेकांपासून हातभर अंतरावर येतात, आवाज आपोआप खाली उतरतो. ओरिबेला खिडक्या फार आवडत, त्याच्या खोल्यांत उजेड जास्त असे. प्रकाशयोजनेला पहिल्या प्रवेशात त्याचा उपयोग करता येईल.

दार ६६ सेंटिमीटर उंच आणि ६३ रुंद. लाकडी चौकट करून घ्या, खर्च फार नाही. पाहुणा आधी तलवार बाहेर छपराखालच्या दोन खणी मांडणीवर ठेवतो, मग गुडघ्यांवर बसून मुठींच्या जोरावर आत सरकतो. कंबर ताठ ठेवून आत शिरता येत नाही, डोकं आपटतं. आधी डोकं, मग खांदे. शिरताना दाराचा शेवटचा बोटभर भाग मुद्दाम आवाज करून बंद करायचा. तो आवाज यजमानासाठी खूण असतो : सगळे आले. तुम्हाला मोडलेल्या तलवारीतून जे सांगायचं होतं ते मांडणीवर निमूट ठेवलेली तलवार आणि हा आवाज सांगतील. नंतर तीच तलवार तो परत उचलतो, हे विसरू नका.

बसणं : टाचांवर बसायची आजची पद्धत एदो काळात (१६०३–१८६८) हळूहळू रुळली. तुमच्या नाटकाच्या काळात मांडी घालून किंवा एक गुडघा उभा ठेवून बसणं चालत होतं. तुमच्या नटांच्या पायाला मुंग्या येण्याचा प्रश्न सुटला. चिलखत घालून कोणी आत येणार नाही. बिनबाह्यांचं ताठ खांद्यांचं जाकीट, खाली हाकामा ही घोळदार विजार, पायात पांढरे मोजे. कराटेचा पोशाख भाड्याने मिळतो म्हणून आणू नका. आणि चेरी मार्च-एप्रिलमध्ये फुलते. तुमची लढाई मेअखेरची, शेवटचा प्रवेश जुलैचा. भिंतीवरच्या बांबूच्या फुलदाणीत एकच आयरिस बनात जाण्याआधी, नंतर काहीच नाही.

आता चहा. दोन प्रकार : दाट ‘कोइचा’ आणि पातळ ‘उसुचा’. कोइचात माणशी जवळजवळ ४ ग्रॅम पूड आणि ३५-४० मिलिलिटर पाणी, तो घुसळत नाहीत, मळतात. डोशाच्या पिठाइतका दाट होतो आणि एकाच वाडग्यातून सगळे पितात. नाट्य त्यात जास्त आहे, पण पूड दुप्पट लागते, मळणं शिकायला महिना जातो आणि मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. तुम्ही उसुचा घ्या. एका वाडग्याला २ ग्रॅम पूड, म्हणजे बांबूच्या चमच्याने दीड ते दोन, आणि ८० अंशांच्या आसपासचं ७० मिलिलिटर पाणी. ३० ग्रॅमच्या डब्यात पंधरा वाडगे होतात. तालमीत रिकाम्या वाडग्याने करा, शेवटच्या पाच तालमींना खरी पूड वापरा.

अख्ख्या उसुचाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांसाठी सामान आधीच जागेवर ठेवा आणि शेवटची आवराआवर अंधारात जाऊ द्या. क्रम असा राहील. यजमान कमरेचं रेशमी फडकं काढून घडी घालतो, डबी आणि चमचा पुसतो : ५० सेकंद. सामुराई परंपरेच्या शाळांत, सोकोच्या शाळेतही, हे फडकं कमरेच्या उजव्या बाजूला खोचतात, कारण डावी बाजू तलवारीची. साकाईच्या व्यापाऱ्यांच्या वंशातल्या सेन घराण्यांत ते डावीकडे असतं. तुमचा नट उजवीकडे खोचेल आणि संवादात याचा उल्लेखही करणार नाही. मग वाडग्यात पळीभर गरम पाणी, त्यात घुसळणीच्या काड्या भिजवून उचलायच्या, फिरवून तुटलेली काडी नाही ना हे बघायचं : ४० सेकंद. पाणी सांडपाण्याच्या भांड्यात, पांढऱ्या कापडाने वाडगा कोरडा : ३०. पूड : २०. पाणी आणि घुसळणं : ३०. वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे करून पुढे ठेवणं, पाहुण्याने तो थोडा फिरवून ती बाजू टाळणं, तीन-साडेतीन घोटांत पिणं, शेवटचा घोट आवाज करून, ओठ लागलेली कड बोटांनी पुसणं : दीड मिनिट. एकूण चार मिनिटं वीस सेकंद. बोलायला दोन मिनिटं चाळीस उरतात आणि तेवढी पुरेत.

बोलायचं कधी? पूड घालताना आणि घुसळताना कोणीही बोलणार नाही. चहा पिऊन झाल्यावर पाहुण्याने डबी आणि चमचा बघायला मागायची रीत आहे. तो विचारतो : डबीचा आकार कोणता? चमचा कोणी केला? त्याला नाव आहे का? प्रश्न ठरलेले असतात, यजमान एकेका शब्दात उत्तरं देतो. तुमचा कळस इथे आहे. भालाईत रीतीप्रमाणे विचारतो, चमचा कोणाचा? तो बनात होता, त्याने तासताना पाहिलंय, तरी विचारावं लागतं. यात आणखी भाषणं घालू नका.

पळीकडेही लक्ष द्या. मे ते ऑक्टोबर पाणी जमिनीतल्या चुलीवर नसतं, वर ठेवलेल्या शेगडीवर असतं, आणि तेव्हा पळी कामावर ठेवायच्या पद्धती धनुर्विद्येवरून सांगतात. गरम पाणी घेतल्यावर पळी टेकवताना तळहात एकदम उघडतो, बाण सुटल्यावरचा हात. थंड पाणी घातल्यावर बोटं दांड्यावरून मागे ओढत आणतात, प्रत्यंचा ओढावी तशी. नटाला या दोन हालचाली नीट जमल्या तर संहितेतलं ‘माझे हात रक्ताने माखलेत’ हे वाक्य कापता येईल. ते तसंही कापाच.

कुठे फसतं ते सांगतो. पूड चाळली नाही तर गुठळ्या राहतात आणि नटाच्या दातांवर हिरवे ठिपके दिसतात. चहाच्या बारीक जाळीच्या गाळणीतून प्रयोगाच्या दिवशीच चाळा, आदल्या दिवशी नको, ती ओल धरते. उकळतं पाणी घातलं तर कडू होतं आणि तोंड वाकडं होतं. थर्मासात कडक पाणी भरून पडदा उघडायच्या आधी कामात ओतलं की ते पुरेसं निवलेलं असतं. घुसळणी कोरडी वापरली की काड्या तुटतात आणि वाडग्यात तरंगतात. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. घुसळताना खांदा हलला की फेस येत नाही. मनगट सैल, घुसळणी तळापासून केसभर वर, गोल गोल नाही तर पुढे-मागे झपझप, पंधरा ते वीस सेकंद. शेवटी वेग कमी करून मधोमध वर उचलायची. जुना डबा असेल तर रंग पिवळट होतो आणि दिव्यांखाली तो आणखीच मळका दिसतो. डबा फोडल्यावर हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

सामानात घुसळणी तेवढी खरी विकत घ्या. बांबूच्या एकाच तुकड्याला चिरून ऐंशीच्या आसपास काड्या काढलेल्या असतात. ते घरी जमणार नाही. वाडगा कुंभाराकडून : १२ सेंटिमीटर व्यास, ८ उंची. ओला असताना दोन्ही बाजूंनी दाबून वाकडा करायला सांगा. १५९९ साली ओरिबेच्या बैठकीला गेलेल्या हाकाताच्या एका व्यापाऱ्याने वहीत लिहून ठेवलंय की वाडगा वाकडा होता, गमतीचा होता. आतून चकाकी हवीच, नुसती भाजलेली माती पाणी पिते आणि चहाला मातीचा वास येतो. कामासाठी झाकणाचं बिडाचं जाड भांडं चालेल. नाट्यगृहात कोळसा पेटवू नका, बंद जागेत धूर नसला तरी विषारी वायू साचतो. शेगडीत राख आणि लाल बल्ब पुरे. रेशमी फडकं जांभळं, बिननक्षीचं, सुमारे २८ सेंटिमीटर चौरस. पळीसाठी बांबूचं पेर आणि ३५ सेंटिमीटरचा दांडा.

चमचा तुम्हीच करा, निदान सोकोचं काम करणाऱ्या नटाने करावा. बांबूचा २५ सेंटिमीटरचा तुकडा, पेर मधोमध येईल असा; त्यातून सव्वा सेंटिमीटर रुंदीची पट्टी. रात्रभर पाण्यात, मग मेणबत्तीवर टोकापासून दोन सेंटिमीटरवर हळूहळू शेकत, सालीच्या बाजूला वाकवत जायचं आणि गार होईपर्यंत तसंच धरायचं. घाई केली की आतल्या बाजूचे तंतू उकलतात, ज्योत जवळ गेली की साल करपते, आणि पेरावर सुरी उलटी चालवली की तिथेच मोडतो. मग दांडा पाच-सहा मिलिमीटरपर्यंत तासून एकूण लांबी १८ सेंटिमीटर ठेवायची. नुकता तोडलेला हिरवा बांबू वाकवलेला आकार नीट धरत नाही, थोडा सरळ होतो. बनात तासलेला चमचा असाच जरा उघडा राहिला असणार, म्हणून तो मुद्दाम सुधारू नका. रंगमंचावर सुरी खरी पण बोथट, आणि दुसऱ्या प्रवेशात अर्धवट तासलेला चमचा प्रत्येक प्रयोगाला नवा लागेल. आठ-दहा पट्ट्या आधीच करून ठेवा.

प्रयोगानंतर घुसळणी साध्या पाण्यात धुवा, साबण नको, आणि उभी ठेवून वाळवा. डब्यात ओली बंद केलीत तर तुमच्याकडच्या दमट हवेत पुढच्या फेरीपर्यंत तिच्यावर बुरशी आलेली असेल.